पोलकं उलटं करून बघा

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायका घालत तसे इंग्लिश कपडे मी हौसेने शिवते. माझ्या शिवणाच्या टेबलावर त्या काळातलं एक पोलकं गेली तीन वर्षं उलटं करूनच ठेवलेलं असतं. इंग्लंडात राहायला आल्यावर जुन्या वस्तूंच्या एका बाजारात ते ४५ पौंडांना मिळालं. विकणाऱ्या बाईंनी ते हँगरला सुलट लावलं होतं. गर्द जांभळं लोकरी कापड, उभी कॉलर, पुढे वेणीसारख्या विणलेल्या काळ्या फितीची किनार आणि खांद्यापाशी फुगलेल्या बाह्या. त्या फुग्यावरून काळ ओळखता येतो. १८९३ च्या सुमारास बाह्या वर फुगायला लागल्या, १८९५-९६ मध्ये सगळ्यात मोठ्या झाल्या आणि १८९७ पर्यंत ओसरल्यासुद्धा. मला बाह्या आवडल्याच, पण पैसे मी दिले ते आत हात घालून बघितल्यावर.

आत चकचकीत तपकिरी सुती अस्तर आहे. आपण हल्ली अस्तराचं वेगळं पोलकं शिवून आत बसवतो, तसं हे नाही. प्रत्येक तुकडा आधी अस्तरावर ठेवून टाचलेला, मग दोन्ही मिळून एकच कापड समजून जोडलेला. त्यामुळे सगळ्या शिवणी आत उघड्या दिसतात, आणि त्या दिसतात म्हणूनच शिकवतात. लांब शिवणी मशीनच्या आहेत. (ऐतिहासिक कपडे म्हणजे सगळं हातशिलाई, असं अनेकांना वाटतं. व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या वीस वर्षांत शिलाई मशीन हप्त्यावर घेऊन घरोघरी पोचलं होतं.) कडांना मात्र हाताने टाके घातलेत, धागा सुटू नये म्हणून. टाके सगळे सारखे नाहीत, घाईचे आहेत. सात शिवणींवर पट्टी लावून त्यात काड्या घातल्यात. या काड्यांना व्हेलचं हाड म्हणायची पद्धत असली तरी ते हाड नसतं. देवमाशाच्या तोंडात झालरीसारख्या लोंबणाऱ्या पट्ट्या असतात, त्या चिरून या काड्या करत. नखासारखा पदार्थ, अंगाच्या उबेने जरा वळतो आणि मग वळलेलाच राहतो. माझ्या पोलक्यातल्या दोन काड्या अजून कुणाच्या तरी कमरेच्या वळणात आहेत.

कमरेला आतून एक जाड फीत आहे. ती फक्त पाठीच्या तीन शिवणींना टाचलेली, पुढची दोन्ही टोकं मोकळी. पोलकं चढवलं की आधी ही फीत कमरेला हुकाने आवळायची, मग पुढचे हूक लावायचे. सगळा ताण फीत घेते, पोलकं नुसतं वर बसून राहतं. पुढच्या हुकांचंही तसंच. एक हूक, एक फासा, पुन्हा एक हूक, असे आलटूनपालटून लावलेत, त्यामुळे हालचालीत एका दिशेने ताण आला तरी सगळे एकदम सुटत नाहीत. आणि उजव्या काखेत एक ठिगळ आहे. जांभळंच कापड, पण जरा निराळ्या छटेचं. ते ठिगळ मी पहिल्यांदा बोटाने चाचपलं तेव्हा हात थांबला होता.

तेव्हापासून मी त्या काळातलं काहीही बघताना एकच गोष्ट विचारते: आत काय आहे?

हे आधी कळलं असतं तर माझे चार महिने वाचले असते. मी शिवायला घेतला १९०४ च्या सुमाराचा पांढरा ब्लाउज आणि फिरायचा लोकरी स्कर्ट, आणि सुरुवात केली ब्लाउजपासून, कारण तो सुंदर होता. स्वतःची मापं घेतली, बेतलं, शिवलं. मग कॉर्सेट, म्हणजे काड्या घातलेली, दोरीने आवळायची आतली चोळी, शिवलं, ते घालून वर ब्लाउज चढवला, आणि तो खांद्यावर ओढला गेला, पाठीत फुगला, गळा मागे सरकला. कॉर्सेटने छातीची उंची बदलते, पाठ सरळ होते, मुंढ्याची जागासुद्धा बदलते. अंग तेच, मापं निराळी. पूर्ण ब्लाउज उसवावा लागला. आतून बाहेर यायचं हा तिथला क्रम आहे: आधी आतले सुती कपडे, मग कॉर्सेट, मग परकर, आणि हे सगळं अंगावर असताना वरच्या कपड्याचं माप.

कॉर्सेटबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं कॉर्सेट बारा तुकड्यांचं आहे, कूटील नावाच्या घट्ट विणीच्या सुती कापडाचं. हे कापड ताणाखाली पसरत नाही, पण आडव्या-उभ्या धाग्याचा अंदाज जरा चुकला तरी शिवलेलं कॉर्सेट अंगावर पिळवटतं. काड्या पोलादी, कारण व्हेलचा प्रश्नच नाही. समोर बस्क, म्हणजे पोलादाच्या दोन उभ्या पट्ट्या, एकीला खुंट्या आणि दुसरीला फाशा. दोन भागांच्या अशा बस्कचं पेटंट फ्रान्समध्ये १८२९ मध्ये निघालं, आणि धातूचे आयलेटही, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांना लावलेल्या कड्या, त्याच सुमाराचे. या दोन गोष्टी नीट बसल्यावर बाईला दुसऱ्या कुणाशिवाय स्वतःचं कॉर्सेट घालता येऊ लागलं. दोरी सैल करायची, पुढून बस्क लावायचा, मागे हात नेऊन दोरी ओढायची. मला आता दोन मिनिटं लागतात.

माझी कंबर मोकळी २९ इंच, कॉर्सेटमध्ये २७. एवढंच. पाठीमागे दोन इंचांची फट राहते आणि ती राहायलाच हवी. संग्रहालयांतल्या कॉर्सेटचं माप बघून लोक चकित होतात, पण ते माप पूर्ण बंद केलेल्या कॉर्सेटचं असतं, आणि घालणारी बाई ते पूर्ण बंद करत नसे. जुन्या फोटोंमध्येही निगेटिव्हवर हात फिरवून कंबर बारीक करायची पद्धत होती. घट्ट आवळणाऱ्या बायका नव्हत्या असं मी म्हणत नाही. पण बारीक कमरेचं खरं गणित निराळं होतं आणि ते मला शिवतानाच कळलं: कंबर आहे तशी ठेवायची आणि तिच्या वर-खाली भर घालायची. नितंबावर छोटी गादी, छातीवर चुण्यांची झालर, खांद्याला रुंदी, केसांना उंची. मग २७ इंचसुद्धा वेताच्या काठीसारखे दिसतात.

१९०० च्या आसपास कॉर्सेटचा आकार बदलला. इनेस गाश-सारोत या वैद्यकाचं शिक्षण घेतलेल्या फ्रेंच बाईंनी समोरून सरळ पट्टीचं कॉर्सेट आणलं, पोटावर आतल्या बाजूने दाब येऊ नये म्हणून. हेतू आरोग्याचा होता. फॅशनने तेच घेऊन आणखी आवळलं, तशी छाती पुढे आणि नितंब मागे जाऊन ती ओळखीची एस आकाराची आकृती तयार झाली. मी माझ्या कॉर्सेटला सरळ बस्क ठेवला आणि आवळणं टाळलं. तीन तास चालून पाठ दुखत नाही. उलट परकरांचं आणि लोकरी स्कर्टचं ओझं कमरेवर दोरीसारखं कापत जाण्याऐवजी कॉर्सेटवर पसरतं. कॉर्सेट न घालता तोच स्कर्ट एक दिवस घालून बघितला, तर संध्याकाळी कमरेला लाल वळ होता.

लंडनमध्ये १८८१ मध्ये रॅशनल ड्रेस सोसायटी सुरू झाली होती. बायकांच्या कपड्यांचं ओझं आणि आवळणं कमी व्हावं म्हणून झटणारी. त्यांचं म्हणणं होतं, आतल्या कपड्यांचं एकूण वजन सात पौंडांवर जाऊ नये, म्हणजे ३.२ किलोच्या आत असावं. मी माझे आतले कपडे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक करून ठेवले. कॉम्बिनेशन (वरचा आणि खालचा भाग एकत्र शिवलेला आतला कपडा), कॉर्सेट, त्यावरची चोळी, दोन परकर, मोजे. १ किलो ९०० ग्रॅम भरले. ज्यांना सात पौंड ही मर्यादा म्हणून सांगावी लागली, त्या बायका तोपर्यंत काय वागवत असतील! लोकरीचे, रजईसारखे भरलेले परकर असत, मागे बसलची, म्हणजे स्कर्ट पाठीमागे फुगवून धरणारी, चौकट असे. १८८० च्या दशकातला बसल तर पाठीमागे शेल्फ लावल्यासारखा आडवा निघायचा.

परकराची एक गोष्ट सांगायलाच हवी. नेफ्यात नाडी घालून ओढली की चुण्या सगळीकडे सारख्या पसरतात, आणि त्या काळच्या स्कर्टला पुढून सपाट पोट लागतं. मी आईला फोनवर म्हटलं, "अगं, पुढच्या चुण्या जातच नाहीत." ती म्हणाली, "पुढे नेफा करतेसच कशाला? पुढे साधी पट्टी लाव, नेफा मागेच ठेव. नाड्या दोन घे, एकेक टोक कडेला शिवून टाक आणि मागे ओढून बांध." नंतर एका संग्रहात १८९० च्या दशकातला परकर हातमोजे घालून बघायला मिळाला. अगदी तसाच होता. मी आईला लगेच कळवलं. "मग दुसरं कसं करणार?" एवढंच ती म्हणाली.

आता ब्लाउज, दुसऱ्यांदा शिवलेला. पातळ लॉन कापड, पुढे चौसष्ट पिनटक्स, म्हणजे टीप मारलेल्या अगदी बारीक घड्या, बत्तीस-बत्तीस दोन्हीकडे, आणि मध्ये लेसच्या उभ्या पट्ट्या. दोन मिलिमीटरचा एक टक चार मिलिमीटर कापड खातो. चौसष्ट टक्स म्हणजे पंचवीस सेंटीमीटरहून जास्त कापड नुसतं घड्यांत जातं. म्हणून टक्स घातलेल्या कापडावरच पुढचा भाग बेतायचा, आधी बेतून मग टक्स घालायचे नाहीत. मी एक धागा ओढून काढते, त्याची जी बारीक रेघ कापडावर उमटते तिच्यावर घडी घालते आणि टीप मारते. माझं हाताने फिरवायचं जुनं सिंगर आहे. उजवा हात चाकावर, कापडाला डावा एकच हात, त्यामुळे आपोआप सावकाश जावं लागतं आणि टक सरळ येतो. रोज आठ टक्स, आठ दिवस.

लेस बसवायची रीत मला फार प्रिय आहे. लेसची पट्टी कापडावर सुलट बाजूने ठेवायची, दोन्ही कडांना बारीक टीप मारायची. मग उलट करून लेसच्या मागचं कापड मधोमध कापायचं. लेस कापली जाऊ नये म्हणून कात्रीचं बोथट पातं खाली ठेवायचं, श्वास रोखूनच. कापलेल्या दोन्ही कडा बाहेर दुमडायच्या, पुन्हा टीप, उरलेलं कापड टिपेलगत छाटायचं. सुलट केलं की लेसमागे काही नाही, नुसतं अंग आणि उजेड. हा क्षण प्रत्येक पट्टीला येतो आणि माझ्या ब्लाउजला तो सहा वेळा आला.

ब्लाउजचा पुढचा फुगा, कबुतराच्या छातीसारखा, तोही आतूनच होतो. पुढचा भाग कमरेच्या खाली चार बोटं लांब ठेवायचा, आत एक फीत शिवायची, ती बांधली की जास्तीचं कापड वर येऊन ओघळतं. उभी कॉलर पडू नये म्हणून तिच्यातही काड्या. आणि बटणं पाठीवर, वीस बारीक बटणं, प्रत्येकाला हाताने केलेलं काज. कॉर्सेट एकटीने घालता येतं, हा ब्लाउज येत नाही. माझी मैत्रीण लावून देते. त्या काळी बहीण, आई, नवरा किंवा मोलकरीण, कुणीतरी लागतच असणार.

स्कर्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सात कळ्या, गडद निळी सर्ज, म्हणजे तिरप्या विणीचं लोकरी कापड, नितंबावर चपखल आणि गुडघ्याखाली पसरत जाणारा, खाली साडेतीन मीटरचा घेर. फिरायचा असल्यामुळे जमिनीपासून दोन इंच वर. मागच्या प्लेटमध्ये एक खिसा लपवला आहे, १८९० च्या दशकात लपवायचे तसा. पण घेराच्या आतून लावलेली मखमली पट्टी आणि तिच्या कडेला ब्रशसारख्या केसांची वेणी, ही जोडी विसरू नका. वेणी स्कर्टच्या कडेपेक्षा केसभर खाली ठेवायची. रस्त्याला, पायरीला, बुटाला ती घासते, झिजते आणि मूळ कापड वाचतं. झिजली की उसवून नवी लावायची.

टोपीला मी फक्त रिबन लावली. पिसं नाहीत, नकलीसुद्धा नाहीत. बगळ्यांच्या तुऱ्यांसाठी विणीच्या हंगामात पक्षी मारत आणि पिल्लं घरट्यात उपाशी मरत. त्याविरुद्ध १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ डिड्सबरीत एमिली विल्यमसन यांनी बायकांची संघटना काढली, आणि तिला १९०४ मध्ये राजाची सनद मिळाली. माझ्या ब्लाउजच्याच साली. त्या वर्षी टोपीवर काय घालायचं नाही हे ठरवणाऱ्या बायका होत्या. परदेशी पिसांच्या आयातीवर बंदी यायला मात्र १९२१ साल उजाडलं.

गेल्या वर्षी डर्बीशायरमधल्या केडलस्टन हॉलमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या पत्नी लेडी कर्झन यांचा मोराचा पोशाख बघितला. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त १९०३ मध्ये दिल्लीत दरबार भरला, त्याच्या नृत्यसमारंभात त्यांनी तो घातला होता. जरदोजी कारागिरांनी दिल्लीत धातूच्या तारांनी मोरपिसांवर मोरपिसं भरली, प्रत्येकाच्या डोळ्यात भुंग्याच्या पंखाचा हिरवा तुकडा बसवला, आणि ते कापड पॅरिसला वर्थ या उंची कपडे शिवणाऱ्या पेढीत शिवायला गेलं. तारा आता काळवंडल्यात, पण ते हिरवे डोळे अजून चमकतात. मी काचेपाशी वाकून, उभी राहून, कडेने, सगळीकडून बघितलं. मला उलट बाजू बघायची होती. तारेचं टोक मागे कसं बांधलंय, कोणाचा टाका घट्ट आहे, कोणाचा सैल. ते दिसत नाही. पोशाख वर्थचा आणि लेडी कर्झनचा म्हणून ओळखला जातो. त्या हातांची ओळख असलीच तर ती मागच्या बाजूला आहे.

इंग्लंडातही हे निराळं नव्हतं. मे १९०६ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये डेली न्यूज या वृत्तपत्राने एक प्रदर्शन भरवलं. घरी बसून कवडीमोलाने शिवणाऱ्या, काज करणाऱ्या, खोकी चिकटवणाऱ्या बायकांना तिथे प्रत्यक्ष काम करताना लोकांनी बघितलं. कोण किती तास राबतं आणि किती मिळवतं हे पुस्तिकेत छापलेलं होतं. तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, ट्रेड बोर्ड्सचा कायदा झाला आणि तयार कपड्यांचं शिवणकाम, लेसवरचं शेवटचं हातकाम अशा चार धंद्यांत किमान मजुरी ठरवायची सोय झाली. माझ्या चौसष्ट टक्सना आठ दिवस लागले ते मला मजेत घालवता आले. माझ्या जांभळ्या पोलक्याच्या कडांचे ते घाईचे टाके मी म्हणूनच कधी नीट करत नाही.

नीट न करण्याचं आणखी एक कारण आहे. त्याच्या कॉलरचं रेशमी अस्तर आता बोट लावलं तरी चिरतं. त्या काळी रेशमाला कथलाच्या क्षारांनी जड करत. कोशाचा डिंक धुऊन काढला की रेशीम हलकं होतं, आणि ते वजनावर विकलं जायचं, म्हणून वजन परत भरायचं. असं कापड दुकानात छान सळसळतं, पण क्षार धागा आतून खात राहतात. घडीच्या रेषेवर ते सरळ फाटतं, कागदासारखं. अशी जुनी वस्त्रं अंगावर घालू नयेत, एकदासुद्धा. घालायचं असेल तर शिवा.

शिवलेलं मी घातलं ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेवर. वाफेच्या इंजिनाची ही जपलेली लाईन, शेफील्ड पार्क ते ईस्ट ग्रिनस्टेड, अकरा मैल. शेफील्ड पार्क स्टेशन व्हिक्टोरियाच्या काळातलं म्हणून ठेवलंय. डब्याची पायरी उंच आणि दार अरुंद. पँट घालून मी तिथे विचार न करता चढले असते. इथे डाव्या हाताने स्कर्ट पुढून चिमटीत उचलला, उजव्या हाताने दांडी धरली, पाठ सरळच राहिली कारण वाकता येत नाही, आणि सगळं वजन मांड्यांनी उचललं. बसताना मागचा घेर हाताने बाजूला घेऊन बाकाच्या कडेला टेकले. टोपीची पिन मागच्या गादीला टोचत होती म्हणून पाठ टेकली नाही. जुन्या फोटोंतल्या बायका अशा ताठ का बसतात, हे अकरा मैलांत समजलं. समोरच्या बाकावर एक आजोबा होते, ते बराच वेळ बघून म्हणाले, माझी आजी असाच स्कर्ट उचलायची. कसा, ते त्यांनी स्वतःच्या कोटाची कड धरून दाखवलं. अंगठा आणि दोन बोटं, मनगट बाहेर वळवलेलं. मी तीन बोटांनी धरत होते. उतरताना त्यांच्या आजीसारखा धरला आणि खरंच, घेर पायरीला लागला नाही.

घरी येऊन स्कर्ट उलटा केला. निळ्या कापडावर चिखलाचा एक थेंबही नाही. वेणी मात्र उजव्या टाचेपाशी चार बोटं झिजली आहे, केस गळून आतला दोरा दिसतोय. नव्या वेणीचं बंडल टेबलावर काढून ठेवलंय, जांभळ्या पोलक्याशेजारी. आज रात्री तेवढा भाग उसवते.